एका स्टेशनात एक स्केच

पनवेल लोकलची विंडो सीट, एक बॉलपेन आणि पंजाएवढी वही. रविवारी तळ्याकाठी जे चित्र रंगतं, ते खरं तर सोमवार ते शनिवार या खिडकीतच शिजत असतं…

पनवेलकराच्या नशिबात एक सुख हमखास लिहिलेलं असतं. आपली लोकल इथूनच सुटते! वाशीला धक्के खाणाऱ्या, कुर्ल्याला दारात लोंबकळणाऱ्या पब्लिकला जी विंडो सीट स्वप्नातही मिळत नाही, ती आपल्याला एखादी गाडी सोडली की आरामात मिळते. पुढे सीएसएमटीपर्यंत साधारण एक तास वीस मिनिटं. या ऐंशी मिनिटांचं काय करायचं, याचा प्रत्येकाचा आपापला फंडा. कुणी सीरिजचा राहिलेला एपिसोड उरकतं, कुणी तोंड उघडं टाकून झोपतं, आमच्या लेडीज डब्यात तर मटारसुद्धा सोलले जातात. मी गेली अडीच वर्षं या सगळ्यांची चित्रं काढतेय.

चित्रं म्हणजे… लगेच इम्प्रेस होऊ नका. दहा रुपयांचं बॉलपेन, एक छोटी वही आणि एकच नियम : एका स्टेशनात एक स्केच. पनवेलला गाडी हलली की पेन टेकवायचं, खांदेश्वर आलं की उचलायचं. पान उलटायचं. मानसरोवरपर्यंत दुसरं. मग खारघर, बेलापूर, सीवूड्स. नेरूळनंतर समोरच्या माणसाऐवजी कुणाची तरी पर्सच डोळ्यांपुढे येते, तेव्हा वही बंद. एका खेपेला पाच-सहा स्केचेस. त्यातली चार वाईट, एक बरं, आणि क्वचित एखादं असं की ऑफिसात पोचल्यावर तीनदा उघडून बघावंसं वाटतं.

हा नियम मला फार उशिरा सुचला. आधी मी काय करायचे, तर डोळ्यांपासून सुरुवात. छान पापण्याबिपण्या काढायचे. दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर मॅडम खारघरला उतरून गेलेल्या! वहीत नुसते एकेक डोळे जमले होते, भुताच्या सिनेमासारखे. वेळेचं बंधन आल्यावर मात्र हात आपोआप मोठ्या गोष्टीकडे वळला. मान कुठे कललीय, खांद्याची रेघ कुठे उतरते, बॅगेचं ओझं कुठल्या हातावर आहे. झोपलेल्या माणसाचं चित्र चेहऱ्यात नसतंच, ते मानेत असतं. ती एक रेघ बरोबर बसली की बाकी काही नाही काढलं तरी माणूस झोपलेलाच दिसतो.

आणि हो, पकडलं जाणं ठरलेलंच. एकदा समोरच्या काकू अचानक जाग्या झाल्या, सरळ हात पुढे केला. ‘‘बघू गं.’’ मी वही दिली. त्यांनी बराच वेळ बघितलं. ‘‘एवढं मोठं नाक आहे माझं?’’ शेजारची म्हणाली, ‘‘आहे की!’’ आता त्या दिसल्या की स्वतःहून नाक उंच करून बसतात. कुणाला आवडलं नाही तर मी पान तिथल्या तिथे फाडून देते. इतक्या जवळ बसून एखाद्याला न्याहाळायचं, तर एवढा अधिकार त्याला असायलाच हवा.

दोन डोंगर, मध्ये सूर्य

आता जरा मागे जाऊ. शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली आठवतेय? कला संचालनालयाच्या त्या परीक्षांची सर्टिफिकेटं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर धूळ खात पडली असतील. त्यात एक पेपर असायचा स्मरणचित्राचा. विषय काहीही येवो, बाजार, जत्रा, पावसाळा, मागे आपले दोन त्रिकोणी डोंगर ठरलेले. मध्ये अर्धा सूर्य. खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी, आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी.

गंमत बघा, हे चित्र काढणारी पनवेलची पोरं रोज शाळेत जाताना पूर्वेला प्रबळगड बघत होती. त्याच्या शेजारी कलावंतीण दुर्गाचा सुळका. गोवा हायवेला लागलं की कर्नाळ्याचा तो अंगठा, किल्ल्याच्या डोक्यावर उभा असलेला काळ्या कातळाचा खांब. यातला एकही डोंगर त्रिकोणी नाही! प्रबळचा माथा तर सपाट, लांबलचक, टेबलासारखा. कर्नाळ्याचा अंगठा एखाद्याने मनाने काढला असता तर आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी ‘डोंगर असा असतो का?’ म्हणून मार्क कापले असते. आपण डोंगर बघत नव्हतो, डोंगराचं चिन्ह पाठ करत होतो.

चित्रकार लोक ‘ऑन द स्पॉट’ म्हणून जो जप करतात, त्यामागे हेच आहे. जागेवर बसून काढायचं. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ मध्ये. त्या जे. जे.त असो की गावोगावच्या कलामहाविद्यालयांत, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मानगुटीवर स्केचेसचा कोटा बसलेला असतो. मग ही मंडळी एसटी स्टँड, भाजी मंडई, स्टेशन अशी मिळेल तिथे फतकल मारून बसतात. पनवेलच्या एसटी स्टँडवर कोकणात जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलेली कुटुंबं, त्यांची पोती, खोके, पेंगणारी पोरं… स्केचिंगला याहून झक्कास मॉडेल्स पैसे देऊन मिळणार नाहीत. गाडी लेट असेल तर पोझही तासभर हलत नाही.

हे खूळ आपल्याकडचंच आहे असंही नाही. २००७ मध्ये गॅब्रिएल कॅम्पानारिओ या सिअ‍ॅटलच्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्या चित्रकाराने जगभरच्या अशा लोकांना एकत्र आणलं आणि त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ नावाची चळवळ उभी राहिली. त्यांची मुख्य अट साधी आहे : फोटोवरून नाही, जागेवर बसून, आणि समोर जे आहे त्याच्याशी प्रामाणिक राहून. मुंबई-पुण्यातही त्यांचे ग्रुप आहेत.

फोटोवरून का नको, हा प्रश्न मलाही पडायचा. खिशात एवढा भारी कॅमेरा असताना उन्हात कशाला बसायचं? उत्तर मला आपल्या वडाळे तलावावर मिळालं, पण त्याआधी ऑफिसवाल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी.

नोकरी करणारा चित्रकार

‘वेळ कुठाय यार?’ हे आपल्या पिढीचं राष्ट्रगीत. म्हणून मला प्रभाकर बरवे फार जवळचे वाटतात. बरवे आपल्या रायगडचेच. जन्म १९३६, अलिबागजवळच्या नागावचा. आधुनिक भारतीय चित्रकलेतलं हे मोठं नाव, पण हा माणूस चक्क नोकरी करत होता. १९६१ पासून जवळपास दोन दशकं ते विणकर सेवा केंद्रात होते. आधी बनारसला, मग मुंबईत. कापडाची डिझाइन्स हा त्यांचा दिवसाचा धंदा.

आणि या सगळ्यात ते डायऱ्या लिहीत होते. लिहीत म्हणजे लिहीत आणि काढतही. एखादी वस्तू, तिचा आकार, त्या आकारावरून सुचलेला विचार, पुन्हा एक छोटं रेखाटन. वर्षानुवर्षं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० मध्ये आलं. १९९५ मध्ये बरवे गेले. पुढे २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. बरवे काही डोंगर-नदी रंगवणारे चित्रकार नव्हेत, त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू वेगळ्याच पोकळीत तरंगतात. तरी मला त्यांचं नाव इथे हवंय, कारण कॅनव्हाससमोर उभं राहायच्या कितीतरी आधी त्यांचं चित्र डायरीत सुरू झालेलं असायचं. नोकरी सोडल्यावर करू, रिटायर झाल्यावर करू, असा मामलाच नव्हता.

आपण मात्र काय करतो? वर्षभर पेनला हात लावत नाही आणि एका शनिवारी अचानक मूड येतो. मग मॉलमध्ये जाऊन दोन हजारांचे रंग, इझल, बारा ब्रशचा सेट. रविवारी सगळा लवाजमा घेऊन निघायचं, एक चित्र बिघडवायचं आणि ‘आपल्यात ते टॅलेंट नाही बुवा’ म्हणून सेट माळ्यावर. इंटरमीजिएटच्या सर्टिफिकेटच्या शेजारी! हे मी कुणाला हसून लिहीत नाहीये, तो सेट माझ्याच माळ्यावर आहे.

वडाळ्यावरची सकाळ

रविवारी सकाळी साडेसहा. वडाळे तलावाच्या काठावर वॉकवाल्यांची वर्दळ सुरू झालेली असते. जॉगिंग, हास्यक्लब, कानात इअरफोन घालून मोठ्याने फोनवर बोलणारे काका. मी फोल्डिंगचं छोटं स्टूल टाकून बसते. मांडीवर बोर्ड, त्याला चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट केलेला जाड कागद. कागदात मात्र कंजुषी करू नका. साध्या ड्रॉइंग पेपरवर पाणी पडलं की त्याचा पापड होतो. तीनशे जीएसएमचा, जरा खरखरीत कागद लागतो. रंग विद्यार्थ्यांच्या पेटीतले असले तरी चालतात, सहा ट्यूब खूप झाल्या. ब्रश दोन, एक रुंद आणि एक टोकदार. पाण्याची बाटली, जुना टॉवेल, डोक्यावर टोपी. आणि डास पळवायचं क्रीम, हे पनवेल आहे!

पहिली वीस मिनिटं रंगांना हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. लोकलमधली तीच छोटी वही काढायची आणि काडेपेटीएवढ्या चौकटीत तीन-चार स्केचेस करायची. उजेड कुठून येतोय? सगळ्यात गडद काय? पाण्याची रेघ कागदाच्या वर ठेवायची की खाली? इथे लोकलच्या सवयीचा खरा उपयोग होतो. जो हात तीन मिनिटांत झोपलेली बाई पकडायला शिकलाय, तो तळ्याचा काठ पकडताना घाबरत नाही. ‘डोळे किलकिले करून बघा’ असं सर ओरडायचे, त्याचा अर्थही आता कळतो. डोळे बारीक केले की पानं, फांद्या, रेलिंगचे गज सगळे विरघळतात आणि तीनच गोष्टी उरतात : उजळ, मधलं, गडद. त्या तिघांचा हिशेब जमला तर चित्र जमलं. नाही जमला तर पानन् पान रंगवूनही ते चपटंच राहतं.

मग जलरंग. यांचा स्वभाव एखाद्या हट्टी बॉससारखा, दिलेला शब्द मागे घेता येत नाही. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, एकदा झाकला की गेला. त्यामुळे आधी फिकट, मग गडद, आणि जिथे पाण्यावर ऊन चमकतंय ती जागा पहिल्यापासून राखायची. सावळाराम हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या बाईचं प्रसिद्ध चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचं वाटतं, आणि तैलरंगातलं वाटतं. दोन्ही चूक. ते हळदणकरांचं आहे, १९४० च्या दशकातलं, त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती, आणि ते चक्क जलरंगात आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बोटांमधून झिरपणारा तो दिव्याचा उजेड खोडरबराची सोय नसलेल्या माध्यमात आणलाय, हे कळल्यापासून मी त्या कॅलेंडरकडे वेगळ्याच नजरेने बघते.

आणि घड्याळ चालू असतं. मेमध्ये आकाशाचा पट्टा अर्ध्यावर आणेस्तोवर वरचा भाग सुकलेला. जुलैमध्ये नेमकं उलटं, हवेतच एवढं पाणी की रंग अर्धा तास ओला. दुसरा रंग लावला की पहिल्यात घुसून चिखल. साडेसातपर्यंत झाडाच्या बुंध्याची सावली एवढी सरकते की सुरुवातीला काढलेली सावली आणि आत्ताची सावली यांत भांडण लागतं. म्हणून सावल्यांची जागा पहिल्या पाच मिनिटांतच ठरवायची आणि नंतर सूर्याने काहीही केलं तरी ऐकायचं नाही.

फोटोवाल्या प्रश्नाचं उत्तर हेच. फोटोत हे भांडण नसतं. सगळं आधीच थांबलेलं आणि सपाट झालेलं असतं, शिवाय मोबाइल अंधारातली झाडं उजळ करून देतो, नको असताना. जागेवर बसलं की दीड तासाची सकाळ एका कागदात बसवावी लागते. काय ठेवायचं, काय सोडायचं, हे दर मिनिटाला ठरवायला लागतं. दीड तासात मेंदूचा पार भुगा होतो, खरंच. ‘पेंटिंग किती रिलॅक्सिंग ना!’ असं म्हणणाऱ्याला माझ्या स्टुलावर बसवायची तयारी आहे.

टपरी कुठाय?

एका रविवारी मागे एक आजोबा येऊन उभे राहिले. मॉर्निंग वॉकवाले, हातात काठी. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘छान. पण ती टपरी कुठाय?’’

मी टपरी गाळली होती. टपरीच काय, मागचे दोन टॉवर, त्यावरची क्रेन आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही गाळला होता. तळं, झाडं, काठावर दोन बदकं. एकदम कोकण टुरिझमचं पोस्टकार्ड!

‘‘जागा कमी पडली, आजोबा.’’

‘‘मग बदकं काढायची नाहीत. बदकं आत्ताच उडून गेली. टपरी रोज असते.’’

मला काही उत्तर सुचलं नाही. म्हणजे चित्रकाराला गाळायचा हक्क आहेच, पण मी जे गाळत होते ते चित्राच्या सोयीसाठी नव्हतं. मला पनवेल पनवेलसारखं दिसायला नको होतं. आपल्याकडे निसर्गचित्र म्हटलं की माड, होडी, कौलारू घर हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की समोर उड्डाणपूल असला तरी आपण त्याच्या खालून माड शोधतो. आमच्या त्या दोन त्रिकोणी डोंगरांचंच हे मोठं झालेलं भावंडं. त्यानंतरच्या रविवारी मी टपरी काढली. निळं ताडपत्रीचं छप्पर, खाली पिवळा बल्ब. गंमत म्हणजे त्या सगळ्या हिरव्या-करड्या चित्रात तेवढा एक पिवळा ठिपका इतका भारी दिसला की चित्र त्याच्यावरच उभं राहिलं.

हिरव्यावरून आठवलं. पावसाळ्यातला पनवेलचा परिसर म्हणजे चित्रकाराची परीक्षा. देहरंगच्या धरणाकडे निघालात की नेऱ्यापासून पुढे नुसतं हिरवं, हिरव्यावर हिरवं. ट्यूबमधला तयार हिरवा लावला तर प्लॅस्टिकच्या तोरणासारखा दिसतो. पिवळ्यात निळा मिसळून आपला हिरवा आपण करायचा आणि त्यात विटकरीचा एक थेंब टाकायचा, की तो जमिनीवर येतो. लांबचा डोंगर मात्र हिरवा लावायचाच नाही, तिथे हिरवी झाडं आहेत हे माहीत असलं तरीही. मधल्या हवेमुळे तो निळसर-जांभळाच दिसतो. प्रबळगड सकाळी बघा, सूर्य त्याच्या पाठीमागून येतो, त्यामुळे नुसती एक सपाट निळी आकृती, कापून चिकटवल्यासारखी. तोच संध्याकाळी बघा. पश्चिमेचं ऊन तोंडावर आलं की कातळाचे एकावर एक थर, घळी, कपारी सगळं उघडं होतं. डोंगर एकच, चित्रं दोन.

एकच जागा, पुन्हा पुन्हा

दर वीकेंडला नवा स्पॉट शोधायची आपल्याला खाज. या रविवारी कर्नाळा, पुढच्या रविवारी माथेरान, मग काशीद. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं आयुष्य याच्या नेमकं उलटं. जे. जे.त शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबाराचा आश्रय लाभलेले आबालाल कोल्हापूरच्या कोटितीर्थ तलावाच्या परिसरात रमले. तेच तळं, तेच काठ, तीच झाडं. पहाटे, दुपारी, संध्याकाळी, पावसाआधी, पावसानंतर. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा या कलंदर माणसाने दुःखाच्या भरात आपली कितीतरी चित्रं त्याच तळ्यात बुडवली असं सांगतात. १९३१ मध्ये ते गेले.

मी वडाळे तलावाची आत्तापर्यंत एकतीस चित्रं केलीत. सात ठेवण्यासारखी. पहिल्या दहांत मी तळं काढत होते. विसाव्याच्या आसपास लक्षात आलं की तळं बाजूलाच राहिलं, मी आता उजेड काढतेय. नवीन जागी गेलं की निम्मा वेळ ‘काय काय आहे’ हे बघण्यात जातो. ओळखीच्या जागी तो खर्च वाचतो, आणि मग आज काय वेगळं आहे एवढंच उरतं.

जे. जे.चे अधिष्ठाता राहिलेले प्रल्हाद धोंड यांचे समुद्र कधी बघायला मिळाले तर सोडू नका. ओल्या कागदावर मोजके रुंद फटकारे, आणि समोर भरतीचा समुद्र. बघताना वाटतं, पाच मिनिटांचं तर काम! पण त्या पाच मिनिटांच्या मागे कोकण किनाऱ्यावर काढलेलं अख्खं आयुष्य आहे. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावही ‘रापण’, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं ते मासेमारीचं मोठं जाळं. आजच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर पुण्याचे मिलिंद मुळीक आहेत. शिक्षण इंजिनिअरिंगचं, आणि जलरंगातली त्यांची पुस्तकं आज अर्ध्या महाराष्ट्राच्या हौशी चित्रकारांच्या सॅकमध्ये सापडतील. तेव्हा ‘मी आर्ट्सचा नाही’ ही सबब चालणार नाही.

उलव्याची टेकडी

एक गोष्ट मला हलक्यात घेता येत नाही.

मध्यंतरी घर आवरताना २०१६ च्या सुमाराची कॉलेजची नोट्सची वही सापडली. मागच्या पानावर लोकलच्या खिडकीतून काढलेलं एक स्केच. खांदेश्वरच्या आसपासचं. पुढे दलदल, खारफुटीची रेघ, आणि लांब एक टेकडी. बॉलपेनच्या जेमतेम सात-आठ रेघा.

ती उलव्याची टेकडी. ती आता नाही. नवी मुंबई विमानतळासाठी ती सुरुंग लावून फोडली. साधारण नव्वद मीटरची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली अशी दहा गावं दुसरीकडे वसवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. विमानतळ हवा होता की नको, हा या लेखाचा विषय नाही. मलाही पुण्याच्या किंवा सांताक्रूझच्या फेऱ्या मारायच्या नाहीयेत. पण मी ते पान हातात धरून बराच वेळ बसले.

कारण स्केच वाईट होतं. टेकडीच्या उजव्या उतारावर मी एक उभी रेघ काढलीय. ते झाड आहे, टॉवर आहे, की गाडी हलल्यामुळे पेन सरकलं? आठवत नाही. टेकडी डावीकडे खरंच एवढी उभी होती, की मी तेव्हाही शाळेतला त्रिकोणच काढत होते? तपासायला कुठे जाऊ? प्रबळगड चुकला तर पुढच्या रविवारी दुरुस्त करता येतो. हे चित्र आता कायमचं चुकलेलंच राहणार. इंटरनेटवर त्या टेकडीचे फोटो मिळतात, पण ते माझ्या खिडकीतले नाहीत. आणि तारीखही नाही! सात-आठ रेघांसाठी वेळ होता, तारखेच्या दोन आकड्यांसाठी नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक पानाखाली मी जागा, तारीख आणि वेळ लिहिते. झोपलेल्या काकूंच्याही खाली. पनवेलमध्ये कुठली गोष्ट ‘रोज असते’ आणि कुठली बदकासारखी उडून जाणार, हे आता सांगता येत नाही. जुन्या गावठाणातले कौलारू वाडे, स्टँडसमोरची ओळ, वडाळ्यावरची ती टपरीसुद्धा. माझ्या यादीत सध्या अकरा जागा आहेत. रविवार आठवड्यातून एकच येतो, म्हणून यातल्या चार मी लोकल पकडायच्या आधी उभ्या उभ्या, पेनने, दहा-दहा मिनिटांत उरकल्या. छान नाही आल्या. पण खिडक्या मोजून काढल्यात, आणि कौलांचा उतार बरोबर आहे.

परवाचंच. सकाळची गाडी खांदेश्वरजवळ आली आणि खिडकीत, टेकडी होती साधारण त्याच बाजूला, एक विमान वर चढलं. मी समोरची बाई अर्धवट सोडून पान उलटलं. पण विमान काही स्टेशनभर थांबत नाही. दोन रेघा मारेपर्यंत ते ढगात गेलेलं. शेजारच्या काकूंनी वाकून बघितलं. ‘‘पक्षी का गं?’’

बघितलं तर खरंच, मराठी चारचा आकडा आला होता. खाली जागा, तारीख आणि ८.१२ लिहिलं. मानसरोवर यायला अजून एक मिनिट होतं, तेवढ्यात काकूंचं नाक घेतलं.